सावडीचा व्हिडिओ

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आमच्या गटांनी जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ केला, तेव्हापासून जिथं जाईन तिथं एकच विचारणा होते. कामशेतच्या बाजारात, वडगावला पंचायत समितीत, परवा तर दवाखान्याच्या रांगेतसुद्धा. "ताई, कुणाकडून करून घेतला? किती पैसे घेतले त्यानं?" कुणाकडूनही नाही, असं सांगितलं की बाया माझ्याकडं संशयानं बघतात. म्हणून आज रेडिओवरच सांगते, म्हणजे एकदाच सांगावं लागेल.

आवडतं गाणं घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, एकेका गटानं एकेक तुकडा आपापल्या वाडीत चित्रित करायचा आणि शेवटी सगळे तुकडे एका माळेत ओवायचे. गाण्याची आवड असलेली तरुण मुलं जगभर असे व्हिडिओ करतात. दहा जण दहा गावांत बसलेले असतात, एकमेकांना कधी भेटलेले नसतात, आणि एक गाणं पुरं होतं. आपल्याला यात नवं काही नाही. भात लावणीला आपण सावड करतो, तसंच हे. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या खाचरात. सावडीत ज्या गोष्टींवरून भांडणं होतात, त्याच गोष्टींवरून व्हिडिओतही होतात. कोण उशिरा आलं, कुणाचं काम आधी झालं, आणि कुणाला न विचारता कुणी परस्पर ठरवलं.

न विचारता ठरवण्याचाच आम्हाला आधी फटका बसला. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं का सांगते ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी ८ मार्चच्या कार्यक्रमात आमच्या बायका एका सिनेमाच्या गाण्यावर नाचल्या. 'सैराट' २०१६ मध्ये आल्यापासून मावळात लग्न असो की गणपती, नाचायला गाणी कमी पडत नाहीत. सभागृहात नुसत्या बायका होत्या. पदर खोचून नाचल्या, हसल्या. एकीनं फोनवर चित्रण केलं, दुसरीनं ते कापून जोडून छान केलं आणि तिसरीनं रात्री स्टेटसला ठेवलं. तिघींच्याही मनात वाईट काही नव्हतं. पण नाचणाऱ्यांतल्या एका सुनेला माहीतच नव्हतं की हे बाहेर जाणार. सकाळी तिच्या दिरानं ते चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या फोनमध्ये पाहिलं. घरात काय झालं ते इथं सांगत नाही. ती ४ महिने गटाच्या बैठकीला आली नाही. बचत थांबली, अंतर्गत कर्जाचा हप्ता थांबला, आणि आमच्या गटाची दशसूत्रीची नोंद त्या तिमाहीत बिघडली. नोंदीचं सोडा, एक बाई घरात कोंडली गेली. तो व्हिडिओ आम्ही काढून टाकला, पण तोवर तो किती फोनांत उतरला होता हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. तेच चित्रण आम्ही आणखी एका ठिकाणी टाकलं होतं, तिथं तर गाण्याचा आवाजच बंद झाला होता. नाचणाऱ्या बायका मुक्या, तोंडं हलतायत नि आवाज नाही. त्याचं कारण पुढं सांगते.

त्यानंतर व्हिडिओ हा शब्दच आमच्या बैठकीत कुणी काढत नव्हतं. पुन्हा निघाला तो एका आजीमुळं. आजींनी सहज सांगितलं, "आमच्या ओव्या लिहून न्यायला पूर्वी बाया यायच्या. वही घेऊन यायच्या." मी बीए केलं, पण आपल्या डोंगरात एवढं मोठं काम झालंय हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. शोधल्यावर कळलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी पुण्यात संस्था काढून मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत बरीच वर्षं काम केलं. गी मूळचे फ्रान्सचे, नंतर इथलेच झाले. गरीब डोंगरी संघटना हे नाव आपल्यातल्या जुन्या बायांना आठवत असेल. संघटनेच्या कामातून बायांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोर बसवून विचारलं तर बाई गप्प बसते, आणि जात्यावर बसली की सगळं बोलते. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, पंढरी, सगळं. १९८० च्या दशकात त्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात झाली. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांनी वह्या भरल्या. पुढं १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात आले, संगणकावर नोंदी झाल्या आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. काम मावळ-मुळशीपुरतं राहिलं नाही. १,००० हून जास्त गावं, ३,३०० च्या आसपास गाणाऱ्या आणि १ लाख १० हजारांवर ओव्या. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. हा सगळा ठेवा नंतर पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडं आला, आणि २०१७ पासून तो लोकांपुढं येतोय. त्यांच्या माणसांनी गाणाऱ्या बायांना पुन्हा शोधून काढून त्यांचे व्हिडिओही घेतले. फोनवर फुकट ऐकता येतं, जरूर ऐका.

मला त्यात सगळ्यात काय आवडलं सांगू? ओवीच्या खाली बाईचं नाव आहे आणि तिच्या गावाचं नाव आहे. शेकडो वर्षं ज्या ओव्या 'कुणीतरी म्हटलेल्या' होत्या, त्या आता अमक्या गावच्या अमक्या बाईच्या आहेत. आमच्या ८ मार्चच्या व्हिडिओत कुणाचंच नाव नव्हतं. नुसते चेहरे होते.

तेव्हा ठरलं की पुन्हा करायचं, पण रीतीनं. आणि गाणं ओवीचंच घ्यायचं.

ओवीच का, त्याला कायद्याचंही कारण आहे. सिनेमाचं गाणं आपलं आवडतं असलं तरी आपल्या मालकीचं नसतं. एका गाण्यात तीन मालक्या असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि मरणानंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते बाहेर पडल्यापासून ६० वर्षं. हौशी मंडळानं तिकीट न लावता आपल्या माणसांपुढं गाणं गाऊन दाखवलं तर कायद्यात सूट आहे, त्यामुळं हळदीकुंकवात गायला घाबरू नका. पण तेच गाणं लावून व्हिडिओ करायचा आणि जगापुढं टाकायचा म्हटलं तर परवानगी लागते. काही ॲपमध्ये कंपन्यांशी करार करून गाणी दिलेली असतात, तिथल्या तिथं ती वापरता येतात. बाहेर नेली की अडचण. यूट्यूबसारख्या ठिकाणी संगणकच गाणं ओळखतो. मग कधी व्हिडिओ अडवतात, कधी आवाज जातो, कधी जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात. आमचा आवाज असाच गेला. खाली 'हे गाणं आमचं नाही, मालकाचे आभार' असं लिहिलं म्हणून सुटका होत नाही. बऱ्याच जणींना वाटतं तसं, पण होत नाही.

मग काय गायचं? संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत. आपल्या इंद्रायणीकाठचे तुकोबा आहेत, दळणकांडणाच्या जनाबाई आहेत. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ चं आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कविता पुढच्या वर्षी छापून आल्या, त्यांचीही मुदत आता संपली आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा, शब्द मोकळे असले तरी एखाद्या नामवंत गायकाचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. सिनेमातली चालही वेगळी धरली जाते. तेव्हा शब्द जुने घ्या, चाल आपल्या गावची घ्या आणि गळा आपला लावा. 'पारी'वरच्या ध्वनिमुद्रणावर व्हिडिओ करायचा असेल तर त्यांनाही आधी विचारा. आपल्याच बायांचं आहे म्हणून उचललं, असं करू नका.

आता प्रत्यक्ष काम.

आमचे ११ गट झाले. काही पवन मावळातले, काही नाणे मावळातले आणि दोन लोणावळ्यातल्या वस्तीतले. पहिली बैठक नुसती ओव्या निवडायची. तीन तास लागले, कारण आज्या एक ओवी सांगून थांबतच नव्हत्या. शेवटी ११ ओव्या धरल्या. प्रत्येक ओवी आळवून म्हणायला साधारण २५ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटांचं गाणं. त्याहून मोठं करू नका. पहिल्यांदा करताय तर तीन मिनिटं पुरेत.

तुकडे वाटण्याआधी आवाज पक्का करायचा. यात भल्याभल्या चुकतात. प्रत्येक गटानं आपापलं गाऊन आपापलं चित्रण केलं तर एकीचा सूर वर, एकीचा खाली, एकीची लय धावती. जोडल्यावर भाताच्या पेंढ्यासारखं विस्कटतं. म्हणून आधी सगळं गाणं एका जागी बसून, एका सलगीत गाऊन घ्यायचं आणि मग तोच आवाज सगळ्या गटांना पाठवायचा. आम्ही एका घराच्या मधल्या खोलीत रात्री साडेदहाला बसलो. दिवसा जमणं शक्य नाही, एकीकडं महामार्ग आणि दुसरीकडं लोकल. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, त्यानं आवाज घुमत नाही. पंखा बंद. फोन जात्यापासून हातभर लांब, उशीवर ठेवला, नाहीतर जात्याची घरघर जमिनीतून फोनमध्ये चढते. तिसऱ्या वेळी छान जमत आलं तर नवव्या ओवीला गाडीचा भोंगा आला. चौथ्या वेळी एका आजींना हसू आवरेना. पाचवं ठेवलं. त्यातही लांबवर कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, राहू दिलं.

सूर आजींना लावू द्या. तरुण बायका नकळत उंच सूर धरतात आणि म्हाताऱ्या गळ्याला तो झेपत नाही.

मग वहीत तक्ता केला. अनुक्रमांक, गटाचं नाव, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, आणि चित्रात काय दिसणार. हा शेवटचा रकाना विसरू नका. नाहीतर ११ गट ११ जाती दाखवतील. आमच्यात दोनच गटांनी जातं घेतलं. एकीनं इंद्रायणी भाताची लावणी घेतली. (हा वाण आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रात १९८७ मध्ये निघाला, एवढं तरी मावळच्या पोरांना माहीत असावं.) एका गटानं चिक्कीचं पाकिटबंद करणं दाखवलं, एकीनं डेअरीवर दूध घालायची रांग, एकीनं एकवीरेच्या पायऱ्यांवरच्या हारफुलांच्या टोपल्या. लोणावळ्यातला गट बंगल्यांत साफसफाईला जातो. त्यांना बंगल्यात चित्रण करायचं होतं, पण मालकाची परवानगी मिळाली नाही. त्यांनी सकाळी कामाला निघालेल्या बायांची पाठमोरी रांग घेतली, धुक्यात. माझ्या मते सगळ्या व्हिडिओत तो तुकडा सगळ्यात चांगला आहे. जातं विकून टाकलेल्या बायांचं दळण तेच.

तारखा ठरवताना बायांच्या कामाचा विचार करा. आमच्याकडं शनिवार-रविवार पर्यटक, म्हणून हॉटेल-बंगल्यावाल्या बायकांना सवड सोमवार-मंगळवारी. हे मी आधी विचारलं नाही आणि पहिली तारीख रविवारची दिली. अर्धे गट आलेच नाहीत. तुकडा द्यायला आम्ही १५ दिवस दिले आणि वर ५ दिवस मनात ठेवले, कुणाला सांगितले नाहीत. ते पाचही लागले. एक गट शेवटपर्यंत देऊ शकला नाही, त्यांच्यात मयत झाली होती. त्यांची ओवी गाळली नाही, शेजारच्या गटानं त्यांच्या वतीनं चित्रण करून दिलं. असा बदली गट आधीच ठरवून ठेवा. सावडीत आपण ठेवतोच.

चित्रणाच्या सूचना आम्ही चिठ्ठीवर लिहून आणि आवाजी निरोपातून, दोन्हीकडून दिल्या, कारण सगळ्याच वाचत नाहीत. फोन आडवा धरायचा, सगळ्यांनी आडवाच. भिंग पदराच्या कोपऱ्यानं पुसायचं. सूर्य चित्रण करणारीच्या पाठीशी हवा. फोन विमानाच्या खुणेवर टाकायचा, नाहीतर ऐन वेळी नणंदेचा फोन येतो. दुसऱ्या फोनवर आपलं गाणं लावायचं, ओवी सुरू होण्याआधी एक मोठी टाळी वाजवायची आणि त्या गाण्याबरोबर ओठ हलवायचे. ती टाळी जोडणारणीला खूण असते, तिथं आवाज नि चित्र जुळवता येतं. ओवी संपल्यावर लगेच फोन बंद करायचा नाही, मनात पाच मोजायचे. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा पाठवला की तो आक्रसतो, चेहरे धुरकट होतात. पहिले चार तुकडे आमच्याकडं असेच आले, परत मागवावे लागले.

पाण्याजवळ चित्रण नाही, हा आमचा ठरावच होता. पावसात धबधबा मागं असला की चित्र छान येतं हे मलाही कळतं. पण ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसं वाहून गेली, आणि १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल गर्दीनं कोसळला. हे आपल्या दारात घडलंय. रेल्वेच्या रुळांवर नाही, कड्यावर नाही, धरणाच्या सांडव्यात नाही. एका गटातल्या पोरी तरी पवनेच्या काठावर गेल्या होत्या. तो तुकडा चांगला आला होता, तरी घेतला नाही. रडल्या त्या. पुन्हा चित्रण केलं.

आता परवानगीची वही. यासाठीच खरं तर आज बोलायला आले.

परवानगी म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढंच नसतं. आमच्या वहीत प्रत्येक बाईपुढं चार रकाने होते. चेहरा दिसला तर चालेल का. आवाज चालेल का. नाव लावायचं का, आणि कसं. व्हिडिओ कुठं टाकायचा, नुसता गटात, ग्रामसंघाच्या सभेत, की सगळ्या जगापुढं. एकेका रकान्यात तिचं वेगळं उत्तर असू शकतं. हे तिला एकटीला विचारायचं. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं की बाई भिडेनं हो म्हणते. सही किंवा अंगठा घ्यायचा, पण त्याआधी सांगायचं की मत बदललं तर व्हिडिओ बाहेर जायच्या आदल्या दिवसापर्यंत सांग, काढून टाकू. कारण एकदा बाहेर गेल्यावर 'काढून टाकला' याला काही अर्थ नसतो, हे आम्ही शिकलो होतो. मुलांचे चेहरे असतील तर आईबापाला विचारायचं.

८ मार्चच्या व्हिडिओतली ती सून एव्हाना बैठकीला यायला लागली होती, दाराशी बसायची. तिला मी विचारणारच नव्हते. वाटलं, नको जखमेवर हात. पण तिला न विचारणं म्हणजे पुन्हा तिच्यावतीनं आपणच ठरवणं झालं. म्हणून तिच्या घरी गेले, सासूबाईंसमोर नाही, नळावर पाणी भरताना भेटले. तिनं वही बघितली. रकाने वाचून दाखव म्हणाली, जरी तिला वाचता येतं. मग म्हणाली, "चेहरा नको. नाव नको. हात चालतील." आमच्या व्हिडिओत चौथ्या ओवीला जात्याच्या खुंट्यावर दोन हात दिसतात, हिरव्या बांगड्यांचे. बघणाऱ्या बायका त्या हातांबद्दलच विचारतात. कुणाचे ते आम्ही सांगत नाही.

चेहरा नको म्हणणाऱ्या एकूण ७ निघाल्या. त्यांच्यासाठी हात, पाठ, सावली, मळणीतला धुरळा, सूप, असं सुचत गेलं. खरं सांगायचं तर चेहरे लपवावे लागल्यानं व्हिडिओ बिघडला नाही, सुधारला.

तुकडे आल्यावर जोडणी. बारावीतल्या एका पोरीनं काइनमास्टर नावाच्या ॲपवर केली. फुकट घेतलं तर कोपऱ्यात त्याचा शिक्का उमटतो, उमटू दे. जोडताना एकट्या पोरीवर सोडू नका, गटातली एक जाणती बाई शेजारी बसवा. पोरींना चित्र लगालगा बदलायची सवय असते, ओवीला ते सोसत नाही. जोडून झालं की आधी सगळ्या गटांना दाखवायचं. आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चादर लावून दाखवलं आणि हरकती विचारल्या. एका गटाचं म्हणणं, आमचाच तुकडा शेवटी का. ओवीचा क्रम बैठकीत ठरला होता आणि इतिवृत्तात होता, म्हणून तो वाद पाच मिनिटांत मिटला. इतिवृत्त नसतं तर आजही चालू असता. दोघींनी आपले चेहरे काढायला सांगितले. काढले, कारण विचारलं नाही.

शेवटी नावं. सगळी नावं दाखवायला आमच्या व्हिडिओत ५० सेकंद जातात. पोरगी म्हणाली, "ताई, एवढी नावं कोण वाचतंय?" पण गाणाऱ्याचं नाव लागणं हा त्याचा हक्क आहे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्यातही स्पष्ट लिहिलाय. तेव्हा नावं ठेवली. नुसतं 'अमकी महिला बचत गट' असं नाही. गाणारी, चित्रण करणारी, टाळी वाजवणारी, गोधड्या देणारी, सगळ्या. ज्यांना नाव नको होतं त्या सोडून. नाव कसं लावायचं यावरही बायकांनी विचार केला. कुणी नवऱ्याचं नाव मध्ये घातलं, कुणी नाही घातलं. ज्या आजींनी आम्हाला ओव्यांचं सांगितलं, त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या गावाचं नाव लाव. ओवी मी तिथनं आणलीय." मग ९ आज्यांनी माहेरचं गाव लावून घेतलं. आडनाव सासरचं, गाव माहेरचं.

पैशाचं थोडक्यात सांगते. खर्च झाला तो चहाचा, डेटाचा आणि गाडीभाड्याचा. गटाच्या बचतीला हात लावायचा असेल तर ठराव करून, नाहीतर नाही. आम्ही वर्गणी काढली. व्हिडिओतून पैसे येतील म्हणून करू नका. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला साधारणपणे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं लागतं. तरीही चुकून आलेच तर कुणाचे, हे आधीच लिहून ठेवा. आम्ही लिहिलंय, ११ गटांत सारखे.

व्हिडिओ एकाच ठिकाणी ठेवून विसंबू नका. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आपल्यातल्या कितीजणींचे व्हिडिओ गेले ते आठवा. फोनमध्ये दुसरी प्रत नव्हती. आमची मूळ प्रत दोन पेनड्राइव्हवर आहे, एक ग्रामसंघाच्या कपाटात, एक माझ्याकडं. न कापलेले सगळे तुकडे आणि त्या रात्रीचा आवाजही ठेवलाय. खातं कुणा एकीच्या नावाचं न काढता ग्रामसंघाच्या नावानं काढा, पासवर्ड दोघींकडं ठेवा. खालच्या शेरेबाजीची सोय आम्ही बंदच ठेवली आहे. कुणी व्हिडिओची मोडतोड करून फिरवला तर घाबरून गप्प बसू नका, त्याची फोनवर प्रत घ्या, १९३० ला फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

भात कापणी उरकली की आम्ही दुसरा घेतोय, यावेळी लग्नातल्या हळदीच्या गाण्यांचा. ज्या गटांना यायचंय त्यांनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला ठराव घेऊन या. येताना गावातल्या कोणत्या आजीला गाणी येतात ते विचारून या, आणि त्यांना बैठकीची वेळ दुपारची सांगा, त्यांना रात्री दिसत नाही.